किल्ल्याच्या प्रतिकृतीत पाणी कुठे आहे?

टेंभी नाक्यावर दिवाळीच्या तोंडावर व्याख्यान ठेवायचं आणि विषय किल्ल्यांचा घ्यायचा, म्हणजे समोरचे निम्मे लोक घरी माती कालवून आलेले असणार, हे आम्ही गृहीत धरलं आहे. आज परीक्षण करायचं आहे ते बाजारात मिळणाऱ्या किल्ल्यांच्या प्रतिकृतींचं, आणि त्या करताना शेजारी उघडून ठेवायच्या पुस्तकांचं. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने खेळण्यांवर का बोलावं, असं कोणी विचारेल. पण एक वस्तू दुसरीसारखी आहे, म्हणजे नक्की काय आहे, हा आमच्या शास्त्रातला जुना प्रश्न. तो खेळण्यांच्या दुकानात जितका स्वच्छ दिसतो, तितका वर्गात दिसत नाही.

आम्ही दोन वस्तू विकत आणल्या. एक प्लास्टरचा तयार किल्ला: चार बुरूज, एक दरवाजा, खाली पट्टीवर 'रायगड' हे नाव. दुसरा जाड पुठ्ठ्याचा जोडसंच. संचाचं काम चांगलं आहे, हे आधी सांगितलं पाहिजे. तुकडे नीट बसतात, आणि महादरवाजा दोन बुरुजांच्या आड लपवलेला आहे. समोरून येणाऱ्या शत्रूला दार दिसू नये आणि हत्तीला धावत येऊन धडक मारता येऊ नये, ही मराठी दुर्गरचनेतली युक्ती संच करणाऱ्याला ठाऊक आहे. प्लास्टरच्या किल्ल्यावर मात्र 'रायगड'ची पट्टी काढून 'सिंहगड'ची लावली, तरी काही बिघडणार नाही. ज्या प्रतिकृतीचं नाव बदलता येतं, ती कशाचीच प्रतिकृती नसते.

आता मापाकडे येऊ. बाजारातला मातीचा मावळा साधारण तीन इंचांचा. माणूस साडेपाच फुटांचा धरला तर हे प्रमाण 1:22 होतं. रायगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 2700 फूट. त्याच प्रमाणात गड केला तर तो सव्वाशे फुटांच्या आसपास, म्हणजे बारा मजली इमारतीएवढा होईल. उलट दोन फुटी गडावर मापातला मावळा ठेवायचा तर तो मोहरीच्या दाण्याएवढा! (हशा) हसा, पण हा हिशेब एकदा मुलांकडून करून घ्या. मोहरीएवढ्या माणसांनी तो डोंगर लढवला, हे त्यांना भाषणाशिवाय कळेल.

मापाच्या काटेकोरपणाचं टोक पाहायचं तर प्लास्टिकच्या विमानांचे संच जोडणारी मंडळी पाहावीत. एअरफिक्सचा 1:72 प्रमाणातला नॅटचा जुना संच पुष्कळांनी लहानपणी जोडला असेल. तो शिकाऊ वैमानिकांच्या दोन आसनी विमानाचा. आपल्या हवाई दलाने 1965 च्या युद्धात लढवलेलं नॅट एक आसनी होतं. त्या डब्यातल्या विमानावर आपलं तिरंगी चक्र चिकटवलं म्हणून ते आपलं विमान होत नाही. छंदिष्ट लोक असल्या चुकीवर तासन्‌तास वाद घालतात. आम्हांला ते आवडतं. वस्तूबद्दलचा तो आदर आहे. पण सगळी मापं बरोबर असूनही प्रतिकृती खोटी असू शकते. आमचा खरा आक्षेप इथे आहे.

वर सांगितलेल्या दोन्ही किल्ल्यांवर तोफा आहेत, निशाण आहे, सिंहासन आहे. पाणी नाही. गंगासागर नाही, कुशावर्त नाही, एक साधं टाकंसुद्धा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त दुर्गांचं प्रकरण आहे. त्यात गडाची जागा निवडताना आधी पाणी पाहायला सांगितलं आहे. नसेल तर खडक फोडून टाकी करायला सांगितली आहे. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण झुंजात तोफांच्या आवाजाने झरे आटतात, इतका बारीक विचार आहे. गड वेढ्यात पडला की तहान आणि धान्याची कोठारं ठरवतात, किती दिवस तग धरायचा. तलवारीचा प्रश्न त्यानंतरचा.

गंमत अशी, की आपल्या चाळींच्या अंगणात पोरं दगडविटा रचून, वर पोतं टाकून, चिखल थापून जे वेडेवाकडे किल्ले करत, त्यांत एक वाटी पुरलेली असायचीच. पाणी भरलेली. मापाच्या नावाने शून्य, पण किल्ल्याला पाणी लागतं ही गोष्ट त्या ओबडधोबड गडाला माहीत होती आणि सुबक संचाला माहीत नाही.

दुसरी गळालेली गोष्ट म्हणजे शेजारचा डोंगर. 'आज्ञापत्र' बजावतं, की गडाजवळ दुसरा डोंगर असू नये. असला तर तो तासून कमी करावा, नाही तर बांधून गडाच्या कह्यात घ्यावा. पुरंदर आठवा. 1665 च्या एप्रिलमध्ये मोगलांनी शेजारचा वज्रगड घेतला, पुरंदरावर मारा करणं त्यांना सोपं झालं, आणि जूनमध्ये झालेल्या तहात 23 किल्ले द्यावे लागले. वज्रगडाशिवाय पुरंदराची प्रतिकृती म्हणजे प्रश्न गाळून छापलेलं उत्तर. जुलै 2025 मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेही 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने. भूप्रदेश या शब्दाकडे लक्ष द्या.

पुस्तकांचं सांगतो. गो. नी. दांडेकरांचं 'दुर्गभ्रमणगाथा' मापासाठी उघडू नये. गड पायांनी कसा कळतो, यासाठी वाचावं. 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरचा स्थळवर्णनाचा खंड माहितीला भक्कम आहे, पण राज्यकर्त्याच्या नजरेने लिहिलेला आहे, एवढं भान ठेवून वापरावा. गुळगुळीत कागदावरचं नवं चित्रमय पुस्तक घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा: नकाशावर उत्तर दिशा आणि मापपट्टी आहे का, पाण्याची टाकी दाखवली आहेत का, आणि गड कधी, कसा पडला हे लिहिलं आहे का. तिसऱ्या प्रश्नापाशी बरीच पुस्तकं गप्प होतात.

आणि आपणही होतो. इथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर ठाण्याचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला, 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी. याच किल्ल्यातून 1816 मध्ये त्रिंबकजी डेंगळे निसटले. पुढे तुरुंग झाला. 19 एप्रिल 1910 रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना तिथे फाशी दिलं. आजही ते मध्यवर्ती कारागृहच आहे. याची प्रतिकृती आम्ही कुठल्याच दुकानात पाहिली नाही. डोंगर नाही, सिंहासन नाही. खाडीकाठचा, अनेकदा हात बदललेला किल्ला. तो करायचा तर मुलाला विचारावं लागेल, निशाण कोणत्या सालातलं लावू? आमच्या मते या एका प्रश्नात जितका इतिहास आहे, तितका त्या दोन्ही खोक्यांत मिळून नाही. नुसते विजय मांडणारा छंद मुलाला अभिमान देईल. लढाई काय असते, ते नाही सांगणार.

म्हणून संच विकत घेऊ नका, असं आमचं म्हणणं नाही. पुठ्ठ्याचा तो संच घ्या, जोडा. मग त्याच्याभोवती माती घाला, शेजारचा डोंगर उभा करा, आणि घरातली एक जुनी वाटी पुरा. प्लास्टरचा मात्र दुकानातच राहू द्या.

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या मुलांना आधी विचारू द्या.