दयेचा जमाखर्च : संगणकीय खेळातील निवडीविषयी

संगणकीय खेळात खेळाडूला निवडीचे स्वातंत्र्य किती, हे सहसा कथानकाला फुटणाऱ्या फाट्यांवरून मोजले जाते. हे माप मला अपुरे वाटते. ‘द वॉकिंग डेड’च्या (2012) पहिल्या भागात कार्ली आणि डग यांपैकी एकालाच वाचवता येते, वाचलेली व्यक्ती तिसऱ्या भागात मरतेच. फाटे पुन्हा एकत्र येतात, ही त्यावरची नेहमीची तक्रार. माझा आक्षेप वेगळा आहे. कुणालाही वाचवा, त्यापायी खेळाडूच्या पदरचे काही जात नाही.

पदरचे जाणे म्हणजे काय, हे लुकास पोप यांच्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये (2013) दिसते. काळ 1982, देश आर्स्टोट्झ्का, अर्थात काल्पनिक. आपण सीमेवरचे तपासनीस. पारपत्र पाहायचे, शिक्का मारायचा, दर प्रवाशामागे पाच क्रेडिट घ्यायचे. त्यातून घरभाडे, जेवण, ऊब, औषध भागवायचे. एका माणसाची कागदपत्रे चोख निघतात. मागे बायको उभी आहे, तिला जरा सांभाळून घ्या, एवढे सांगून तो पुढे जातो. तिच्याकडे प्रवेश परवाना नसतो, आणि परतलो तर जीव जाईल असे ती सांगते.

येथली योजना बारकाईने पाहण्याजोगी आहे. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीला पाच क्रेडिट दंड, म्हणजे एका प्रवाशाची मजुरी. दया आणि हलगर्जी यांत यंत्र फरक करत नाही. दोन्हींसाठी तशीच चिठ्ठी खडखडत बाहेर येते. सकाळी एखादी तारीख नजरेतून सुटली, की त्या बाईसाठी राखून ठेवता आली असती अशी एक ताकीद खर्ची पडलेली असते. मग खेळाडू ताकिदी शिलकीत टाकू लागतो. नियमावर बोट ठेवून चोख काम करायचे, ते केव्हातरी नियम मोडता यावा म्हणून! कुठल्याही संवादापेक्षा मला हा हिशेब अस्वस्थ करतो. खेळाला वीस शेवट आहेत, पण ती संख्या यापुढे किरकोळ.

एका जागी मात्र पोप यांचा तराजू कललेला वाटतो. खिडकीपलीकडच्या बाईला चेहरा आहे, बोलणे आहे. घरचा मुलगा रात्रीच्या हिशेबपत्रकावर फक्त एका ओळीपुरता येतो : आजारी. शेजारी औषधाची किंमत.