'लोकशत्रू'तील अनुपस्थित रुग्ण

इब्सेनच्या 'लोकशत्रू' (१८८२) या नाटकाचा विचार बहुधा 'व्यक्ती विरुद्ध बहुमत' या सूत्राने केला जातो. नाटककारानेच ते सूत्र पुढे केलेले असल्यामुळे त्यात वावगे काही नाही. परंतु त्यामुळे एका उणिवेकडे सहज दुर्लक्ष होते. स्नानगृहांचे पाणी चर्मालयांच्या घाणीने दूषित झाले आहे, हे नाटकाचे बीज. आणि त्या पाण्याने आजारी पडलेला एकही रुग्ण पाच अंकांत रंगभूमीवर येत नाही. आदल्या वर्षी पाहुण्यांत विषमज्वराचे रुग्ण आढळले, एवढे आपण डॉ. स्टॉकमनच्या तोंडून ऐकतो. रोग पाहुण्यांनीच बरोबर आणला असावा, असा प्रथम समज झाला होता, हेही तोच सांगतो.

या अनुपस्थितीचा परिणाम दूरवर पोचतो. पीडित मंडळी परगावची, हंगामापुरती येणारी. त्यांची संघटना होणे शक्यच नाही. साहजिकच स्टॉकमनपाशी विद्यापीठाकडून आलेला पृथक्करणाचा अहवाल आहे, पण ज्यांच्यासाठी लढावयाचे ती माणसे नाहीत. महापौर असलेला त्याचा भाऊ दुरुस्तीचा खर्च आणि दोन वर्षे स्नानगृहे बंद राहण्याची भीती पुढे करतो, तेव्हा घरमालकांचा पुढारी अ‍ॅस्लाक्सेन क्षणात फिरतो. कोणाच्या पोटावर पाय येणार, या प्रश्नाचे उत्तर महापौरापाशी आहे, डॉक्टरपाशी नाही. चौथ्या अंकातील भाषणात तर तो पाण्याचा विषय सोडून श्रोत्यांनाच हीन ठरवितो. या भाषणाला धैर्याचे शिखर मानण्याची प्रथा आहे. आंदोलनाच्या दृष्टीने पाहता तो पराभवच होय.

याच्या शेजारी जपानमधील मिनामाता ठेवून पाहण्याजोगे आहे. तेथे १९५६ साली कारखान्याच्याच रुग्णालयातील डॉ. होसोकावा यांनी अज्ञात रोगाची वर्दी दिली. १९५९ साली त्यांच्या प्रयोगातील एका मांजराला कारखान्याचे सांडपाणी खाऊ घातल्यावर तोच रोग जडला; निष्कर्ष मात्र दडपला गेला. त्याच वर्षअखेरीस चिस्सो कंपनीने रुग्णकुटुंबांशी 'सांत्वना'चा करार केला. पुढे दोष कारखान्याचा ठरला तरी अधिक भरपाई मागावयाची नाही, असे त्यात कलम होते. येथे डॉक्टर गप्प राहिला आणि गावातील बहुमत, कंपनीवर पोट अवलंबून असल्याने, रुग्णांच्याच विरोधात गेले. तरीही लढा उभा राहिला, कारण रुग्ण त्याच किनाऱ्यावर राहत होते. तो एकजिनसी नव्हता, हे विसरता कामा नये: सरकारी मध्यस्थी मानणारे आणि न्यायालयात जाणारे असे रुग्णसंघटनेत दोन तट पडले. न्यायालयात गेलेली २९ कुटुंबे १९७३ साली जिंकली आणि तो करार रद्दबातल ठरला. होसोकावा यांनी १९७० साली रुग्णशय्येवरून अखेर साक्ष दिली.

इशिमुरे मिचिको यांचे 'कुगाई जोदो' (१९६९) याच किनाऱ्यावर लिहिले गेले. इब्सेनने ज्यांना विंगेबाहेर ठेवले तेच येथे बोलतात, आणि तेही कोळ्यांच्या बोलीत. ही बोलणी ध्वनिमुद्रित जबान्या नव्हेत. लेखिकेने ती रुग्णांच्या मुखी घातली आहेत. दुसऱ्याचे दुःख आपल्या शब्दांत बोलण्याचा हा अधिकार वादग्रस्त आहे. मात्र तिने रुग्णांना केवळ दयनीय केले नाही. समुद्रावरील त्यांच्या कामाचा आनंदही त्यांच्या वाणीत ठेवला. कायमची हानी कशाची झाली, हे अहवालापेक्षा येथे नेमके कळते.

दोन्हीकडे समभाग येतात, ही योगायोगाची पण बोलकी गोष्ट आहे. नाटकाच्या शेवटी चर्मालयाचा मालक मॉर्टेन कील स्नानगृहांचे समभाग विकत घेतो. पैसा स्टॉकमनच्या बायकोमुलांच्या वाट्याचा. हेतू डॉक्टरचे तोंड बंद करण्याचा. १९७० च्या नोव्हेंबरात मिनामाताच्या रुग्णांनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी चिस्सोचा प्रत्येकी एकेक समभाग घेतला आणि यात्रेकरूंची पांढरी वस्त्रे नेसून ते ओसाकातील भागधारकांच्या सभेत शिरले. संचालकांसमोर उभे राहून बोलण्यासाठी तेवढा एक समभाग पुरेसा होता.