‘गावगाडा’ आणि वाहत्या पाण्यावरील हक्क

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) हा ग्रंथ मराठी समाजचिंतनात मान्यता पावलेला आहे. महसुली कारभाराच्या अनुभवातून आलेले त्यातील निरीक्षण सूक्ष्म आहे. तथापि ही दृष्टी मुख्यतः काळीवर, म्हणजे पिकाऊ जमिनीवर, स्थिरावलेली आहे. कुणबी हा या गाड्याचा आधार. इतरांचे मोल त्याच्या खळ्यावरून ठरते. बलुत्यात कोळी येतो तो पाणी भरणारा म्हणून, नदीचा जाणकार म्हणून नव्हे.

या मोजमापाची मर्यादा नीरा-नरसिंहपूर येथे स्पष्ट होते. येथे नीरा भीमेस मिळते आणि इंदापूर, माळशिरस व माढा हे तालुके एकमेकांस भिडतात. शिवेवरून वाहणारे पाणी कोणत्या गावच्या गाड्यात बसवावे? १९८० मध्ये भीमेवर, संगमाच्या वरच्या अंगास, उजनी धरण पूर्ण झाले. बुडालेल्या शेताची भरपाई गट क्रमांकावरून मोजता आली. भोयांचा डोह मात्र कोणत्याही सात-बाऱ्यावर नव्हता. पुढे जलाशयातील मासेमारीसाठी ठेक्याची पद्धत आली. ठेका मासे धरण्याचा अधिकार देतो. पाण्याची पातळी, जाळ्याची आस व विणीचा हंगाम यांविषयीच्या परंपरागत ज्ञानास निर्णयात स्थान मिळेलच, अशी हमी देत नाही.

हा भेद किती मूलगामी आहे, हे अलास्कातील इनुपियात शिकाऱ्यांच्या उदाहरणावरून दिसते. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने त्यांच्या बोहेड देवमाशांच्या शिकारीस बंदी केली. संख्या फार घटली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. पुष्कळ देवमासे बर्फाखालून व किनाऱ्यापासून दूर जातात, ते गणनेत येतच नाहीत, असे शिकाऱ्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी त्यांनी स्वतःचा आयोग स्थापिला. १९८१ मध्ये अमेरिकी शासनाशी सहव्यवस्थापनाचा करार झाला. पुढे पाण्याखालील ध्वनिनोंदींनी शिकाऱ्यांच्या म्हणण्यास पुष्टी दिली. वाद हक्काचा होता. उलगडा झाला तो गणनेच्या जागी.

तथापि आत्रे यांना एवढ्यावरून बाद ठरविणे अन्यायाचे होईल. कर्तव्यावाचून हक्क हा इतरांवर भार होतो, हा त्यांचा इशारा येथेही लागू पडतो. इनुपियातांनीही शिकारीची मर्यादा स्वीकारली. उणीव हिशेब मागण्यात नाही, हिशेबाच्या वहीत आहे. त्या वहीत पाण्याचे पान उघडले, आणि ते लिहिताना भोयासही बसविले, तरच संगमावरील वाटाघाटीस न्याय्य म्हणता येईल.