'गोल्ड' : उरलेला अर्धा गाभा कुठे आहे?

स्टीफन गॅगन यांचा 'गोल्ड' (२०१६) हा इंग्रजी चित्रपट ब्रे-एक्स या कॅनेडियन कंपनीच्या प्रकरणावर बेतलेला आहे. नावे बदलली आहेत, काळ १९८० च्या दशकात नेला आहे. इंडोनेशियाचे जंगल, मलेरिया, शेअर बाजाराचा उन्माद हे सारे झकास उतरले आहे आणि मॅथ्यू मॅकॉनहे यांचे कामही उत्तम. विंधनयंत्र मात्र मागे नुसते घरघरत राहते. आमची तक्रार त्याबद्दल आहे, कारण खरे नाट्य तिथेच होते.

जमिनीखालचे धातुक खणण्याआधी तपासायचे तर पोकळ नळीच्या तोंडाशी हिऱ्यांचे कण बसवून ती फिरवत खडकात उतरवतात. नळीच्या आत खडकाची कांडी शिल्लक राहते. हा गाभा. नेहमीच्या एका मापात त्याचा व्यास ४७.६ मिलिमीटर असतो. दर ५० मीटरवर एक छिद्र घेतले, तर २५०० चौरस मीटर क्षेत्रासाठी आपण जेमतेम १८ चौरस सेंटिमीटर खडक पाहतो, म्हणजे सुमारे १४ लाखांत एक भाग! भूमिगत खाणीत कोट्यवधी रुपयांचा कूपक कुठे उतरवायचा, हे एवढ्याशा पुराव्यावर ठरते.

म्हणून रिवाज असा, की गाभा लांबीत उभा कापायचा. अर्धा दळून प्रयोगशाळेत पाठवायचा, अर्धा खोलीची नोंद करून पेटीत जपायचा. शंका आली तर कोणीही तो पुन्हा तपासू शकतो.

ब्रे-एक्सने बुसांग येथे जवळजवळ सगळाच गाभा दळला. कारण दिले ते असे : सोने खडकात विखुरलेल्या जाड कणांत असते, तेव्हा नमुना मोठा हवा. हे कारण खोटे नव्हते. जाड कणांचे सोने छोट्या नमुन्यात खरोखरच चकवते. शास्त्रशुद्ध वाटणाऱ्या या सबबीने पडताळणीचीच वाट बंद झाली. गाभ्याच्या चुऱ्यात बाहेरचे सोने मिसळले जात होते आणि सुमारे ७ कोटी औंसांचे आकडे जाहीर होत होते. मार्च १९९७ मध्ये फ्रीपोर्ट-मॅकमोरान या अमेरिकन कंपनीने जुन्या छिद्रांच्या अगदी शेजारी नवी छिद्रे घेतली, तेव्हा सोने नगण्य निघाले. चुऱ्यातल्या सोन्याचे कण गोलसर होते, नदीत घासले गेल्यासारखे. खडकातून थेट निघालेला कण सहसा असा नसतो.

चित्रपट हे सगळे भराभर उरकतो आणि मैत्री, विश्वास, विश्वासघात यांच्याकडे वळतो. पटकथाकारांची ती हौस आम्ही समजू शकतो. पण पेटीत अर्धा गाभा नाही, हे एखाद्या पात्राच्या लक्षात येते, असा एक प्रसंग तरी हवा होता.

चित्रपट मुलांना दाखवण्याजोगा नाही. नववीच्या वर्गात वरचा भागाकार तेवढा करून घ्यावा आणि मग विचारावे : सगळाच गाभा दळणाऱ्याला तुम्ही कोणता प्रश्न विचाराल?