सर्जनशील आणि समग्र विचार : किर्लोस्करवाडीच्या उद्योगनेतृत्वाची चिकित्सा

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांत नेतृत्वाचा अभ्यास करताना 'सर्जनशीलता' आणि 'समग्रता' या संकल्पना बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ मध्ये मांडलेली 'लॅटरल थिंकिंग' ही संकल्पना एका प्रकरणात, तर पीटर सेंगे यांच्या 'द फिफ्थ डिसिप्लिन' (१९९०) या ग्रंथातील व्यवस्थाविचार दुसऱ्या प्रकरणात येतो. परिणामी सर्जनशीलता म्हणजे नवी कल्पना सुचण्याचे तंत्र आणि समग्रता म्हणजे विभागांची परस्परांशी सांगड, असा मर्यादित अर्थ रूढ होतो. वस्तुतः उद्योगात या दोन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतात. शिवाय 'समग्र' या शब्दात कोणाचा समावेश होतो आणि ते कोण ठरवते, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांच्या उद्योगकार्याच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

चित्रकलेकडून यंत्राकडे

लक्ष्मणरावांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत सुरू झाले; परंतु रंगभेद ओळखण्यातील दोषामुळे त्यांना चित्रकला सोडावी लागली. पुढे त्यांनी व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकविले. बेळगावातील सायकलींचे दुकान, कडबा कापण्याचे यंत्र आणि नंतर लोखंडी नांगर असा त्यांचा प्रवास झाला. हा प्रवास प्रतिकूलतेवरील विजयाची कथा म्हणून सांगितला जातो. मात्र त्यातील महत्त्वाची बाब वेगळी आहे. रेखाटनाचे शिक्षण हे सुट्या भागांतून पूर्ण वस्तू पाहण्याचे शिक्षण असते. यंत्राची रचना समजून घेऊन ते येथे उपलब्ध साधनांनी घडविण्याची क्षमता या दृष्टीशी निगडित होती. म्हणजेच येथे सर्जनशीलता ही आकस्मिक स्फूर्ती नसून समग्रतेचे भान असलेली कारागिरी होती.

शेतकऱ्याचा नकार

लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि त्यामुळे पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे किर्लोस्कर उद्योगाच्या इतिहासात सांगितले जाते. या कथनात शेतकरी अंधश्रद्ध आणि उद्योजक द्रष्टा अशी विभागणी गृहीत धरलेली असते. ती तपासून पाहणे आवश्यक आहे. लाकडी नांगर गावातील सुतार घडवीत असे व दुरुस्तही करीत असे. त्याचा मोबदला बलुत्याच्या रूपाने, धान्यात दिला जाई. लोखंडी नांगरासाठी मात्र रोख रक्कम लागणार होती आणि दुरुस्तीसाठी गावाबाहेरच्या कारखान्यावर अवलंबून राहावे लागणार होते. त्यामुळे शेतकऱ्याच्या नकारामागे केवळ अज्ञान होते, असे म्हणता येत नाही. त्यात एका स्थिर अर्थव्यवस्थेचा हिशोबही असू शकतो. समग्र विचार करणाऱ्या नेतृत्वाने ग्राहकाच्या नकाराकडे अडथळा म्हणून न पाहता माहिती म्हणून पाहावयास हवे. उद्योगचरित्रे ही माहिती बहुधा नोंदवीत नाहीत; कारण ती यशानंतर आणि उद्योजकाच्या बाजूने लिहिली जातात.

वसाहत आणि मासिक

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ जागा दिली आणि १९१० मध्ये निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्यासोबत कामगारांची वस्ती वसविण्यात आली. शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तींवर पहाऱ्याचे काम सोपविण्यात आले. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई भासली, तेव्हा शाहू महाराजांकडून मिळालेल्या जुन्या तोफांचे लोखंड नांगरांसाठी वापरण्यात आले. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. मालाच्या प्रसिद्धीसाठी निघालेले हे नियतकालिक पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' यांची त्यात भर पडली. ग्राहकाकडे वाचक आणि नागरिक म्हणून पाहण्याची ही दृष्टी त्या काळातील जाहिरातविचाराच्या पुष्कळ पुढे होती. सर्जनशील व समग्र विचारांचा संगम येथे सर्वाधिक स्पष्ट दिसतो.

समग्रतेची सीमा

तथापि ही समग्रता एका केंद्रातून आखलेली होती. तिला संस्थानिकाचा आश्रय होता आणि तिचे स्वरूप पालकत्वाचे होते. कामगाराचे हित पाहिले जाई. मात्र ते हित कोणते, हे प्रामुख्याने चालकच ठरवीत. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या ब्राह्मणविरोधी दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. या हिंसेचे समर्थन होऊ शकत नाही. वसाहतीच्या अपयशाचा पुरावा म्हणूनही तिच्याकडे पाहणे अन्यायाचे ठरेल. तरीही, कुंपणाच्या आत जातीपातींपलीकडचे जीवन घडविण्याचा प्रयत्न केला तरी कुंपणाबाहेरची सामाजिक दरी आपोआप मिटत नाही, हे त्या घटनेने दाखविले.

समारोप

किर्लोस्करवाडीचे उदाहरण वर्गात 'यशोगाथा' म्हणून शिकविले गेल्यास विद्यार्थ्यांच्या हाती केवळ आदर्श येतो, विचारपद्धती येत नाही. साहित्य, माणूस, बाजार आणि संस्कृती यांना एका आकृतीत पाहणे हे लक्ष्मणरावांचे सामर्थ्य होते. ती आकृती काढणारा हात एकाच बाजूचा असणे ही तिची मर्यादा होती. म्हणून उद्योगनेतृत्वाच्या अध्यापनात कल्पकतेच्या तंत्रांइतकेच स्थान नकार देणारा ग्राहक, मौन बाळगणारा कामगार आणि कुंपणाबाहेरचे गाव यांनाही मिळावयास हवे. त्यांना वगळून केलेला विचार कल्पक ठरू शकेल. त्यास समग्र म्हणता येणार नाही.