लोकनायक अण्यांचीं चरित्रें व १९४२-४३ सालें

लोकनायक माधव श्रीहरि ऊर्फ बापूजी अणे यांच्याविषयीं जें लेखन आमच्या पाहण्यांत आलें, तें बहुतेक पदांच्या क्रमानें चालतें. वणीस १८८० सालीं जन्म, उमरावतीस शिक्षक, यवतमाळास वकील, 'लोकमत' साप्ताहिकाचे चालक, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद, सिलोनांत हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि, बिहारचे राज्यपाल, आणि अखेर 'श्रीतिलकयशोऽर्णव' या संस्कृत महाकाव्याचे कर्ते. एका पदावरून दुसऱ्या पदावर हा पुरुष कां गेला, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

आमच्या दिग्रसापासून पुसद दूर नाहीं. तेथें १० जुलै १९३० रोजीं अण्यांनीं गवत कापून जंगलचा कायदा मोडला व तुरुंगवास पत्करला. तेच अणे १९४१ सालीं व्हाइसरॉयच्या मंडळांत बसले. यास कोणी देशसेवा म्हणतात, कोणी घसरण. आमच्या मतें दोन्ही निवाडे उतावळे आहेत. मिळेल तें घ्यावें व उरलेल्यासाठीं भांडावें, हें प्रतियोगी सहकारितेचें धोरण लोकमान्यांनीं १९१९ च्या अमृतसर काँग्रेसमध्यें मांडिलें. अणे त्याच पंथाचे. त्या मापानें पुसदही बसतें व दिल्लीही बसते. फेब्रुवारी १९४३ मध्यें गांधीजींच्या उपवासाच्या वेळीं होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्यांनीं राजीनामा दिला, तोहि त्यांतच बसतो.

बसत नाहीं तो ऑगस्ट १९४२. काँग्रेसचे पुढारी पकडले गेले, तेव्हां अणे मंडळांतच राहिले. पुढें राजीनाम्यानंतर सहाच महिन्यांनीं त्याच सरकारची सिलोनची नेमणूक त्यांनीं स्वीकारली. गांधीजी तेव्हां आगाखान महालांत बंदिवान होते. परदेशस्थ हिंदी लोकांचें खातें अण्यांकडे होतें व सिलोनच्या मळ्यांतील तामिळ मजुरांचा प्रश्न त्यांच्या परिचयाचा होता, हें त्यांच्या बाजूनें सांगतां येईल, आणि सांगितलेंच पाहिजे. पण तेवढ्यानें ऑगस्टचें उत्तर होत नाहीं. चरित्रकार हा काळ एका वाक्यांत ओलांडतात. आमचा आक्षेप त्या एका वाक्यावर आहे.

बारा हजारांहून अधिक श्लोकांच्या त्या महाकाव्यास साहित्य अकादमीनें १९७३ सालीं पुरस्कार दिला. कर्त्यास निवर्तून तेव्हां पांच वर्षें झालीं होतीं. त्याला उतारवयांतील विरंगुळा समजणें बरें नव्हे. गुरूच्या कोणत्या मापानें शिष्य स्वतःस मोजीत होता, हें चरित्रकारानें आधीं तेथें शोधावें. मात्र शिष्याची साक्ष पारखून घ्यावी. अर्णवांत रत्नें असतात, तसें खारें पाणीहि असतें.