इंग्रज माणूस असाच असतो म्हणे!

इंग्रज माणूस कसा असतो, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. तो वेळ पाळतो, रांगेत उभा राहतो, कमी बोलतो, बोललाच तर हवेबद्दल बोलतो, कुत्र्यावर जीव टाकतो आणि शेजाऱ्याचं नाव विचारायला दहा वर्षं लावतो. हे सगळं सामरवरणीत बसून सांगणाऱ्या बाईनं आयुष्यात एकाही इंग्रजाशी दोन शब्द बोललेले नसतात. आमच्या या भागाच्या नशिबी तर इंग्रजांचं राज्यही आलं नाही. नगर हवेली १७८३ साली पोर्तुगिजांकडे गेली, दोन वर्षांनी दादरा गेलं, आणि २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा सुटलं तेही पोर्तुगिजांच्या हातून. मग हा इंग्रज आमच्या घरात शिरला कुठून? तर पुस्तकांतून. मराठी पुस्तकांतून. म्हणून त्या पुस्तकांकडेच जरा नीट बघू या.

सुरुवात फार जुनी आहे. लोकहितवादींनी १८४८ ते १८५० या काळात मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रं लिहिली. त्यांत इंग्रज येतो तो आपल्याला लाज वाटावी म्हणून. तो उद्योगी, आपण आळशी. तो नवं शिकणारा, आपण जुनं घोकणारे. लोकहितवादींचा राग खरा होता आणि त्या रागानं आपलं भलंच झालं, विशेषतः बायकांचं. पण त्यांच्या लेखणीतला इंग्रज हा माणूस नव्हे, तो आरसा आहे. आरशात बघणारा स्वतःचाच चेहरा बघतो. आरसा कसला आहे, हे कुणी बघत नाही. पुढं १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघाली आणि त्यांनी हा आरसा उलटा फिरवला. आपलं ते सगळं चांगलं, हा त्यांचा सूर. म्हणजे पंचवीस-तीस वर्षांत इंग्रजाची दोन चित्रं तयार झाली, एक गुरूचं आणि एक गर्विष्ठाचं, आणि दोन्ही काढणाऱ्यांचं लक्ष इंग्रजाकडे नव्हतंच. ते आपल्याच घरात भांडत होते.

आजही परदेशी जाऊन आलेला भाचा ‘तिकडे बघा, कसे रांगेत उभे राहतात’ म्हणतो, तेव्हा तो लोकहितवादींचं पत्र वाचून दाखवत असतो. आणि मामा ‘पण म्हाताऱ्या आई-बापाला कुठं सांभाळतात?’ म्हणतो, तेव्हा चिपळूणकर बोलत असतात. पावणेदोनशे वर्षं झाली, भांडण तेच आहे.

या दोघांच्या मधून वाट काढणारं पुस्तक म्हणजे पु. ल. देशपांडे यांचं ‘अपूर्वाई’. १९५८ मध्ये पुलं बीबीसीकडे दूरचित्रवाणीचं तंत्र शिकायला गेले, सुनीताबाई बरोबर होत्या, आणि १९६० ला पुस्तक आलं. शि. द. फडणीसांची चित्रं असलेलं हे पुस्तक मराठी घराघरांत वाचलं गेलं. त्याचं मोठेपण कशात? पुलं दुसऱ्याची टोपी उडवण्याआधी स्वतःची उडवतात. इंग्रजाच्या अबोलपणावर हसता हसता आपल्या वाचाळपणावरही हसवतात. त्यांचा विनोद दोन्ही बाजूंनी चालतो, म्हणून तो कुणाला खाली बसवत नाही.

खोट आहे ती त्यांच्या मागून आलेल्यांत. पुलंनंतर विमानात बसलेल्या प्रत्येक मराठी माणसानं प्रवासवर्णन लिहिलं आणि त्यांतल्या बहुतेकांनी पुलंचा सूर सोडून नुसती यादी उचलली. रांग, चहा, धुकं, कुत्रं, ‘थँक्यू’ आणि ‘सॉरी’. गंमत म्हणजे ही यादी उचलायलाही कुणाला लंडनला जावं लागत नाही.

आता त्या यादीतली एकेक गोष्ट घेऊन विचारू या, की हा स्वभाव म्हणायचा का?

रांग घ्या. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४० मध्ये, अन्नाचं रेशनिंग सुरू झालं आणि ते संपलं जुलै १९५४ मध्ये. मांस सगळ्यांत शेवटी मोकळं झालं. म्हणजे आमचं सिल्वासा सुटलं त्याच्या जेमतेम महिनाभर आधी तिथल्या बाईच्या हातातलं रेशनकार्ड सुटलं. चौदा वर्षं बाया पिशव्या घेऊन दुकानाबाहेर उभ्या होत्या. पुलं तिथं पोचले तेव्हा त्याला चारच वर्षं झाली होती. चौदा वर्षांची सवय चार वर्षांत जाते होय? आपल्या आया रॉकेलच्या रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा कुणी ‘काय शिस्तीचा राष्ट्रीय स्वभाव!’ म्हणून पुस्तक लिहिलं नाही. त्यांच्या रांगेला गुण म्हणायचं आणि आपल्या रांगेला गरिबी, हा न्याय कुठला?

धुकं घ्या. लंडनच्या ज्या धुक्यावर आपल्याकडे इतकं रसाळ लिहिलं गेलं, ते बरंचसं कोळशाच्या धुराचं होतं. डिसेंबर १९५२ मध्ये त्या धुरानं हजारो माणसं मारली, तेव्हा कुठे १९५६ साली हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला. कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना यात काव्य दिसायचं कारण नाही. धूर काय असतो ते आपल्याला वाळत घातलेल्या साडीवरून कळतं.

आणि कुत्रं. इंग्रजांनी प्राण्यांवरची क्रूरता थांबवण्यासाठी १८२४ सालीच संस्था काढली, हे खरं. त्याच इंग्लंडात शिकारी कुत्र्यांचा कळप कोल्ह्याच्या मागं सोडून त्याचा फडशा पाडणं हा मोठ्या घरांचा खेळ होता, आणि त्यावर बंदीचा कायदा यायला २००४ साल उजाडलं, हेही खरं. एकाच देशात दोन्ही. मग इंग्रज दयाळू की क्रूर? या प्रश्नाला आपल्या घरात फार जुनं उत्तर आहे. अनेकांतवाद आपण पर्वाच्या व्याख्यानात ऐकतो आणि चपला घालताना तिथंच विसरून येतो. ‘असंच आहे’ म्हणू नका, ‘अशा बाजूनं बघितलं तर असं आहे’ म्हणा, एवढंच तो सांगतो. पुस्तक वाचताना यापेक्षा चांगली फूटपट्टी मला दुसरी सापडलेली नाही.

या फूटपट्टीला पुरेपूर उतरणारं लिखाण एका बाईचं आहे आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. नवरा वर्षभरापूर्वी वारलेला, कडेवर दोन वर्षांची मनोरमा. त्याच साली ‘इंग्लंडचा प्रवास’ ही त्यांची छोटी पुस्तिका निघाली. पण इंग्रज स्वभावावरचं त्यांचं खरं लेखन मला दिसतं ते त्यांच्या इंग्रजी पत्रव्यवहारात. तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केला.

रमाबाई वाँटेज इथं ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्माही घेतला. धर्म बदलला, पण ताट बदललं नाही. त्या शाकाहारीच राहिल्या. ज्यांनी त्यांना मुलीसारखं जवळ केलं होतं, त्या सिस्टर जेराल्डीनना यात जातीचा ताठा दिसला. त्यावर रमाबाईंनी काय लिहिलं? शाब्दिक उतारा देत नाही, आशय सांगते. माझ्या पाय-पुडिंगात आणि भाजी-भातात तुम्हाला गर्व शोधायचा तर खुशाल शोधा. मी हिंदू आहे, तसं म्हणवून घ्यायला मला आवडतं, आणि पूर्वजांच्या ज्या चालीरीती मला पाळता येतात त्या मी पाळणार. बायांनो, परक्या देशात, परक्याच्या छपराखाली, पदरात पोर असताना हे लिहिणं सोपं नाही. आपण साध्या लग्नाच्या पंगतीत ‘यात अंडं आहे का हो?’ विचारायला संकोचतो.

आता दुसरी बाजू. रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. म्हणे हिंदी बाईनं पुरुषांना शिकवलं हे कळलं तर मायदेशात तिचं वजन कमी होईल! भरसभेत पुरुषांपुढं बोलून आलेल्या रमाबाईंना याचा संताप आला. म्हणजे बायकांना मागं ठेवणारा पौर्वात्य समाज आणि पुढं आणणारा इंग्रज, हे चित्र इथं सरळ उलटं झालं. पण त्याच कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील या रमाबाईंचं म्हणणं समजून घ्यायचा प्रयत्न करत होत्या, वाद घालायला त्यांना जागा देत होत्या. एक इंग्रज बाई पुडिंगावरून रुसते, दुसरी धर्मावरचा वाद शांतपणे ऐकून घेते. दोघींचा देश एक, धर्म एक, काळ एक. आता सांगा, यांतली कुठली ‘इंग्रज स्वभावाची’?

ताटाचाच आणखी एक दाखला आपल्या जवळचा आहे. गांधीजी १८८८ मध्ये लंडनला निघाले तेव्हा बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांच्याकडून मांस, मदिरा आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली. आपल्या समाजात ही गोष्ट अभिमानानं सांगतात आणि इथंच थांबतात. पुढची सांगत नाहीत. लंडनात अर्धपोटी भटकताना गांधीजींना फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खाणावळ सापडली. तिथं त्यांनी हेन्री सॉल्ट या इंग्रजाचं शाकाहारावरचं पुस्तक विकत घेतलं. आईला दिलेल्या शब्दाखातर मांस न खाणारा मुलगा ते वाचून विचारानं शाकाहारी झाला, असं त्यांनी आत्मकथेत स्वतः लिहिलं आहे. त्या देशात शाकाहाराचा प्रचार करणारी संस्था १८४७ पासून होती. म्हणजे शब्द जैन साधूनं बांधला आणि पटवून दिलं इंग्रजानं. जीवदया ही फक्त आमची मिरास, असं म्हणणाऱ्यांनी हे पान परत वाचावं.

आपल्या प्रवासवर्णनांत नेमकी ही स्वयंपाकघराची बाजू गळते. पुरुष लेखक दिवाणखान्यातून आणि बसथांब्यावरून इंग्रज बघतो. भांडी कोण घासतं, आजारी सासूला कोण बघतं, पगार कुणाच्या हातात पडतो, हे तो विचारत नाही. ‘अपूर्वाई’त सोबतीला असलेल्या सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आलं, त्यानंतर कितीतरी बायकांनी ‘अपूर्वाई’ परत उघडली असेल आणि मनाशी विचारलं असेल, की या सगळ्या बॅगा भरल्या कुणी? मीना प्रभूंचं ‘माझं लंडन’ मला म्हणूनच वेगळं वाटतं. पाहुणी म्हणून चार महिने राहून लिहिणं आणि संसार थाटून लिहिणं यात फरक पडतो. पाहुण्याला सवयी दिसतात, शेजाऱ्याला माणसं दिसतात.

हा सगळा ऊहापोह कशाला, असं कुणी म्हणेल. त्याचं कारण पुस्तकाबाहेर आहे. १९५८ सालीच लंडनच्या नॉटिंग हिल भागात काळ्या वस्तीवर गोऱ्या तरुणांचे हल्ले झाले. ‘हे लोक असेच असतात’ या एका वाक्यावर तिथं खोल्या नाकारल्या जात होत्या. घर देताना वंश बघायचा नाही, हा कायदा तिथं १९६८ मध्ये झाला. विनोदी प्रवासवर्णनांच्या परंपरेत या गोष्टीला जागा मिळत नाही, कारण एका रंगाच्या इंग्रजावर सगळं लिहिलेलं असतं.

आणि आता आपल्या गल्लीत या. इथं वारली, कोकणा, धोडिया ही मूळची माणसं. कारखान्यांपायी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली माणसं. आपणही कुणी सांगलीकडून, कुणी राजस्थानातून, कुणी सौराष्ट्रातून आलेलो. भाड्यानं खोली मागायला कुणी आलं की आपण काय विचारतो? आधी आडनाव, मग गाव. आणि आत जाऊन म्हणतो, ‘ते लोक असेच असतात.’ आपल्या पाठीमागं आपल्याबद्दलही बोललं जातं, की हे जैन, पाणी गाळून पितात पण पैशाला सोडत नाहीत. ते ऐकून आपल्याला झोंबतं. मग तोच चटका दुसऱ्याला देताना हात का थरथरत नाही? आपली मुलगी लेस्टरला नाहीतर हॅरोला शिकायला जाते, खोली शोधते, तेव्हा घरमालकानं तिच्याकडे एक मुलगी म्हणून बघावं, ‘इंडियन’ म्हणून नव्हे, एवढीच आपली इच्छा असते ना? ती इच्छा इथल्या खोलीच्या दारातही धरायला हवी.

म्हणून ‘अपूर्वाई’ जरूर वाचा, पोट धरून हसा. ते हसणं निर्मळ आहे. त्यानंतर रमाबाईंची पत्रं वाचा. पहिल्या पुस्तकात इंग्रज भेटतो, दुसऱ्यात जेराल्डीनबाई आणि बीलबाई भेटतात. एखाद्या समाजाबद्दलचं पुस्तक चांगलं की वाईट हे मी आता एकाच गोष्टीवरून ठरवते. मिटल्यावर त्या समाजातली दोन माणसं मला एकमेकांपासून वेगळी ओळखता आली पाहिजेत. नाही आली, तर लेखक कितीही देश फिरून आलेला असो, तो घराबाहेर पडलेलाच नाही.